ग्रामनिर्देशिकेंतील साधन-यादी

मुंबई, पुणें, बडोदें, इंदूर अशा शहरीं स्थायिक झालेल्या लोकांचीं ग्रामस्थ मंडळें व ज्ञातिसंस्था आपापल्या सभासदांच्या निर्देशिका वेळोवेळीं छापीत असतात. सभासदांचीं नांवें, पत्ते, व्यवसाय, देवस्थानाच्या उत्सवाच्या तिथी इतकें त्यांत असलें म्हणजे पूर्वीं काम भागत असे. अलीकडे मात्र निर्देशिकेच्या शेवटीं 'आपला इतिहास' या सदराखालीं दोनचार पानें राखून ठेवण्याची चाल पडत चालली आहे, आणि तीं पानें भरण्याकरितां साधनांची एखादी यादी करून द्यावी अशी मागणी इतिहास-संशोधनाच्या संस्थांकडे येते. मागणी स्वागतार्ह आहे. परंतु अशा ज्या याद्या आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांतील बहुतेक ग्रंथालयाच्या कपाटावरून उतरून घेतल्यासारख्या आहेत. दहा बखरी, पांच चरित्रें, गॅझेटिअरचा एक भाग, आणि शेवटीं 'अधिक माहितीसाठीं पेशवे दफ्तर पाहावें' हें एक वाक्य. तें वाक्य वाचून जो मनुष्य खरोखरच पेशवे दफ्तराच्या दारांत जाऊन उभा राहतो त्याची काय अवस्था होते हें पाहिलें म्हणजे यादी करणारावर केवढी जबाबदारी आहे तें कळतें. ही यादी कशी करावी, तींत काय घ्यावें व काय वगळावें, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

यादी कोणासाठीं, हें प्रथम ठरविलें पाहिजे. संशोधकास अशा यादीची गरज नसते. त्याच्या वाटा त्याला ठाऊक असतात. निर्देशिका उघडणारा मनुष्य निराळा. त्यांत एक वर्ग हौशी मंडळींचा. आपलें मूळ गांव कोणतें, आडनांव कसें पडलें, घराण्यांत वतन होतें तें कशाबद्दल, हें त्यांस जाणून घ्यावयाचें असतें. दुसरा वर्ग गरजूंचा आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढत आहे. महाराष्ट्रांत जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांकरितां ठराविक तारखेपूर्वींचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींकरितां ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरितां २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांकरितां १३ ऑक्टोबर १९६७ ही आहे. ज्याच्या मुलाचा महाविद्यालयांतील प्रवेश पणजोबाच्या नांवापुढील एका शब्दावर अडला आहे, त्याला बखरींची यादी देणें म्हणजे तहानलेल्यास विहिरींचा इतिहास सांगण्यासारखें आहे. २०२३ सालीं मराठा समाजांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, तेव्हां तालुक्यातालुक्यांतून जुनीं दफ्तरें उघडलीं गेलीं आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जुना कागद हा केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय राहिला नाहीं, हें यादी करणारानें ध्यानांत धरावें.

यादीची मांडणी ग्रंथांच्या नांवांवरून करूं नये, वाचकाच्या प्रश्नांवरून करावी, असें आमचें मत आहे. 'आमचा पणजोबा कोठें जन्मला?', 'गांवची पाटिलकी कोणाची होती?', 'देवस्थानास जमीन कोणीं दिली?', 'आमचें घराणें या गांवीं कोठून आलें?' असे प्रश्न डावीकडे, आणि त्या प्रश्नाचें उत्तर जेथें मिळण्याचा संभव आहे तें ठिकाण उजवीकडे. असें केलें म्हणजे एक गोष्ट आपोआप उघड होते. यादी करणारे ज्या साधनांस सर्वांत वरचें स्थान देतात, तीं साधनें सामान्य कुटुंबाच्या प्रश्नांस क्वचितच उत्तर देतात; आणि ज्या कागदांत सामान्य मनुष्याचें नांव खरोखर सांपडतें ते कागद यादींत बहुधा नसतातच.

याचें उत्तम उदाहरण पेशवे दफ्तराचें. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर जें दफ्तर इंग्रजांच्या हातीं लागलें त्यांत पुढें सातारकर छत्रपतींच्या कागदांची व १८५२ च्या कायद्यानें सामर्थ्य मिळालेल्या इनाम कमिशननें जमविलेल्या कागदांची भर पडली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३३ सालीं या दफ्तराची जी इंग्रजी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तींत रुमालांची व फायलींची एकंदर संख्या पस्तीस हजारांच्या घरांत आहे. पैकीं सत्तावीस हजारांहून अधिक रुमाल मराठी, म्हणजे मोडी कागदांचे आहेत. हें भांडार आतां राज्य शासनाच्या पुणें पुराभिलेखागारांत आहे. सरदेसायांनीं त्यांतून निवडून काढलेले पंचेचाळीस भाग १९३४ पर्यंत छापून झाले, आणि सर्वसाधारण वाचक 'पेशवे दफ्तर' म्हणून ओळखतो ते हे छापील भाग होत. येथेंच घोटाळा होतो. छापील भागांत मुख्यतः राजकारण आहे: मोहिमा, तह, वकिलांचीं पत्रें, घरगुती कलह. एखाद्या मावळांतल्या गांवच्या चौगुल्याचें घराणें त्यांत शोधणारा सहसा रिकाम्या हातानें परत येतो, आणि आपल्या पूर्वजांविषयीं कांहींच उपलब्ध नाहीं असा समज करून घेतो. वास्तविक त्याच्या उपयोगाचे कागद अप्रकाशित रुमालांत असण्याचा संभव असतो. गांवांचे हिशेब, वसुलाचे ताळेबंद, इनामांच्या सनदा, वतनाच्या तंट्यांचे निवाडे हें सर्व तेथें प्रांतवार लागलेलें आहे. तेथें जाणारास गांवचें हल्लींचें नांव पुरत नाहीं. तें कोणत्या तर्फेंत, कोणत्या प्रांतांत होतें आणि अदमासें कोणत्या सालचा कागद हवा, हें सांगावें लागतें. एवढी माहिती हातीं नसेल तर तेथील कर्मचारी कितीही सज्जन असला तरी तो काय करणार?

म्हणून या एका साधनाची नोंद यादींत कशी असावी, तें नमुन्यादाखल देतों:

'पुणें पुराभिलेखागार (पेशवे दफ्तर). काळ: मुख्यतः अठरावें शतक व एकोणिसाव्याचा पूर्वार्ध. लिपि: मोडी. मिळण्याजोगें: गांवचा वसूल, इनामें, वतनें, त्यांचे तंटे. न मिळण्याजोगें: सामान्य रयतेच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. जातांना न्यावें: गांवचें जुनें नांव, तर्फ, प्रांत, अदमासें साल, ओळखपत्र, मोडी येत नसल्यास वाचणारा सोबत. आधीं पाहावें: सरदेसायांची मार्गदर्शिका. पडताळणी: अमुक महिना, अमुक साल.'

'न मिळण्याजोगें' हा रकाना पाहून कित्येकांस नवल वाटेल. आमच्या मतें यादीचा सर्वांत उपयुक्त भाग तोच. एखाद्या गरीब माणसाचे दोन दिवस व गाडीभाडें त्यानें वांचतें.

आतां ज्या कागदांत सामान्य माणूस सांपडतो त्यांकडे वळूं. हे कागद बहुतेक तालुक्याच्या कचेरींत किंवा गांवांतच असतात. पहिलें स्थान जन्ममृत्यूच्या नोंदीच्या गांव नमुना चौदाचें, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यांत मूल कोणाचें, जात कोणती, हें लिहिलेलें असे. पुष्कळ ठिकाणीं जुनी बुकें मोडींत आहेत. दुसरें, प्राथमिक शाळेचें जनरल रजिस्टर. गांवची शाळा जुनी असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीं नांवें तेथें मिळूं शकतात, आणि शाळेंतल्या नोंदीस पडताळणीच्या कामीं वजन असतें. तिसरें, जमिनीचे कागद. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर फेरफाराचीं पत्रकें सुरू झालीं. मयताचें नांव कमी होऊन वारसांचीं नांवें चढलीं कीं ती एक लहानशी वंशावळच होते. वतनदारांच्या बाबतींत १८७४ चा वतन कायदा व त्याखालचीं रजिस्टरें पाहावीं. परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, हलकीं गांव-वतनें १९५८ च्या, व पाटीलवतनें १९६२ च्या कायद्यानें नष्ट झालीं. वतन गेलें तरी तें कोणाचें होतें याचा कागद मागें राहिला आहे. या सर्व कागदांत स्त्रियांचीं नांवें फारच थोडीं येतात. विधवेचें नांव वारस म्हणून चढलें असेल तेवढेंच. मातृकुळाचा शोध घेऊं पाहणाऱ्यास हें अगोदर सांगून ठेवणें प्रामाणिकपणाचें होईल.

ही नोंद करतांना नकाशांतील फेरबदल लिहिण्यास विसरूं नये. सिंधुदुर्गांतल्या गांवच्या माणसास १९८१ पूर्वींचे कागद रत्नागिरी जिल्हा म्हणून शोधावे लागतात. सांगलीकरास 'दक्षिण सातारा' या नांवाखालीं, रायगडकरास 'कुलाबा' या नांवाखालीं, जालन्यास औरंगाबाद जिल्ह्यांत, लातुरास उस्मानाबाद जिल्ह्यांत शोध घ्यावा लागतो. आणि त्या दोन जुन्या जिल्ह्यांचीं नांवेंही २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशीं झालीं आहेत. जी गोष्ट म्हाताऱ्या तलाठ्यास सहज ठाऊक असते ती मुंबईंत वाढलेल्या नातवास ठाऊक नसते. निर्देशिका नातवाच्या हातीं पडते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हें साधन आमच्या फार आवडीचें आहे, आणि त्याविषयींच सर्वांत अधिक अज्ञान आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार अशा क्षेत्रीं यात्रेकरू गेला म्हणजे त्याचा क्षेत्रोपाध्याय वही काढून त्याच्या पूर्वजांच्या नोंदी दाखवी व त्याची स्वतःची नोंद लिहवून घेई: गांव, तालुका, आडनांव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, सोबत कोण आलें, यात्रेचें निमित्त काय. कित्येकदां नोंद यात्रेकरूच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत असते. लग्नपत्रिकेंत जें लिहीत नाहींत, जें कोर्टांत लपवितात, तें येथें देवापुढें लिहिलेलें असतें. म्हणून हिची किंमत मोठी. हरिद्वारच्या वह्यांचें सूक्ष्मचित्रण अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळ-संस्थेनें विसाव्या शतकांत पुष्कळ केलें आहे. परंतु यादी करणारानें दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या. एक, या वह्या सार्वजनिक दफ्तर नव्हेत. त्या त्या घराण्याच्या वृत्तीचें तें साधन आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीं पावसापाण्यांतून राखलें आहे, आणि तेथें यजमान म्हणून जावें, झडतीस आल्यासारखें जाऊं नये. दक्षिणेचा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावा. दुसरी गोष्ट, वह्या गांवावरून व आडनांवावरून लागलेल्या असतात, आणि गांव म्हणजे यजमानाच्या आजानें सांगितलें असेल तें गांव. शहराचें नांव सांगून कांहीं मिळावयाचें नाहीं. उपाध्यायांचीं वैयक्तिक नांवें व दूरध्वनि क्रमांक मात्र छापूं नयेत. वृत्ति वांटल्या जातात, घरें बदलतात, आणि छापलेल्या नांवावरून पुढें भाऊबंदकीस निमित्त मिळतें. 'क्षेत्रांत जाऊन आपल्या गांवचा उपाध्याय कोण हें विचारावें' एवढें पुरे.

मोंगलाईंतील, म्हणजे निजामाच्या राज्यांतील मराठवाड्याच्या गांवांसाठीं वाट निराळी आहे. तेथील इनामाचे मुंतखब फार्सी-उर्दूंत असून वरिष्ठ दफ्तरें हैदराबादेस होतीं. तेथील सरकारी पुराभिलेखागाराची नोंद यादींत असलीच पाहिजे. तंजावराकडील मराठी कुटुंबांसाठीं सरस्वती महालांतील मोडी कागद व बृहदीश्वराच्या देवळावरील १८०३ चा भोसले-वंशचरित्राचा शिलालेख सांगावा. कोल्हापूर संस्थानांतल्या गांवांचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत पाहावे.

गोव्याकडून आलेल्या घराण्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण त्यांच्या निर्देशिका संख्येनें पुष्कळ आहेत आणि चुकाही तेथेंच अधिक होतात. गोव्याच्या दफ्तरखान्याची परंपरा फार जुनी. दियोगु द कौतु याची त्यावर १५९५ सालीं नेमणूक झाली होती. विसाव्या शतकांत पांडुरंग पिसुर्लेकरांनीं त्याची व्यवस्था लावून त्यांतून मराठ्यांच्या इतिहासास उपयुक्त असे पुष्कळ कागद बाहेर काढले. गांवकाऱ्यांचे कागद, त्यांच्या पाठीमागचा १५२६ चा आफोंसु मेशिया याचा सनदवजा लेख, देवळांच्या जमिनींचे कागद हें सर्व पोर्तुगीज भाषेंत आहे. आतां यादी करणारे कुलदेवतेच्या स्थानावरून मूळ गांव ठरवितात. परंतु सोळाव्या शतकांत साष्टीबारदेशांतलीं देवळें पाडलीं जाऊं लागलीं तेव्हां देव हलविले गेले. मंगेश कुशस्थळीहून म्हणजे कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. तेव्हां 'कुलदेवता कवळें, म्हणून मूळ गांव कवळें' असें लिहिणें साफ चूक होय. कागद शोधावयाचा तो केळशीच्या व आसपासच्या गांवांच्या नांवानें. कुलदेवतेचें हल्लींचें स्थान व तिचें पूर्वस्थान असे दोन रकाने अशा निर्देशिकेंत केले तर वाचकाचें मोठें काम होईल.

कागद सांपडला तरी त्यावरील साल वाचतां आलें पाहिजे. येथें पुष्कळांची गाडी अडते. शालिवाहन शकांत ७८, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हें बहुतेकांस ठाऊक असतें. मराठी कागदांवर मात्र बहुधा शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो, आणि त्याचें वर्ष सूर्य मृगांत शिरतांना, मे महिन्याच्या अखेरच्या सुमारास बदलतें. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७३. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे १७७२ च्या मृगापासूनचें वर्ष निघतें. थोरले माधवराव पेशवे ज्या वर्षीं निवर्तले तें हें वर्ष. पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवावे. हा हिशेब यादीच्या पाठीमागें दहा ओळींत छापावा. तारीखवार ताळा पाहण्यासाठीं १७२८ नंतर मोडकांची जंत्री व त्यापूर्वींच्या शंभर वर्षांसाठीं गणेश सखाराम खरे यांची जंत्री सांगावी. मोडीविषयीं एवढेंच कीं, वाचणाऱ्यांची संख्या थोडी आहे, आणि ज्यास येत नाहीं त्यानें अंदाजानें वाचूं नये. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. आडनांवाच्या जागीं भलतेंच आडनांव वाचून घराणीं जोडलीं गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

वगळावयाचें काय, हा नाजूक प्रश्न आहे. प्रत्येक ज्ञातीच्या संग्रहीं एकदोन पुस्तकें असतात, ज्यांत सर्व आडनांवें पुराणांतल्या राजकुळांस जोडलेलीं असतात आणि आधार कोठेंच नसतो. संस्थेच्या वडीलधाऱ्या मंडळींस तीं प्रिय असतात. तीं गाळलीं तर रोष होतो, घातलीं तर पुढच्या पिढीच्या डोक्यांत तेंच भरतें. आमचा सल्ला असा कीं गाळूं नयेत. वाचकाच्या हातीं तीं येणारच आहेत. पुस्तकाचें नांव द्यावें आणि पुढें एक ओळ लिहावी: 'वंशावळीचा आधार दिलेला नाहीं, नांवांच्या उच्चारांसाठीं व स्मृतींसाठीं उपयुक्त.' गॅझेटिअरांबाबतही असेंच. कॅंपबेलच्या देखरेखीखालीं निघालेले मुंबई इलाख्याचे भाग गांवें, बाजार, देवळें यांसाठीं उत्तम; परंतु जातींच्या स्वभावाविषयींचे त्यांतले शेरे त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या नजरेंतले आहेत, हें सांगितल्याशिवाय तीं पानें तरुणांच्या हातीं देऊं नयेत. मूळ कागदही निर्दोष असतात असें नाहीं. वतनाच्या तंट्यांत बनावट महजर करण्याची विद्या पूर्वजांस चांगली अवगत होती. एकाच वतनाचे दोन परस्परविरोधी महजर सांपडले तर दोन्हींची नोंद करावी, आणि निवाडा कोणाकडे झाला तो शोधावा.

शेवटचा प्रश्न खासगी संग्रहांचा. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे घरोघर फिरले तेव्हां माळ्यावरच्या दफ्तरांतून किती निघालें हें १८९८ पासून छापलेल्या त्यांच्या साधनांच्या बावीस खंडांवरून दिसतें. तशीं दफ्तरें अद्यापि आहेत. वाडे मोडतात, वांटण्या होतात, आणि कागद रद्दींत जातात किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातात. म्हणून 'अमक्यांच्या घरीं कागद आहेत' असें निर्देशिकेंत छापावें अशी सूचना पुष्कळदां येते. आम्ही तिच्या विरुद्ध आहों. घराचें नांव छापलें कीं व्यापारी संशोधकाच्या आधीं पोहोंचतो, आणि इनामाच्या कागदाला जमिनीच्या वादांत आजही किंमत असल्यामुळें घरांतलेच लोक तो लपवूं लागतात. संस्थेनें अशा घरांची टिपणवही आपल्याजवळ ठेवावी, मालकाच्या लेखी संमतीनें कागदांचीं छायाचित्रें करून घ्यावीं, आणि निर्देशिकेंत फक्त इतकें लिहावें कीं खासगी कागदांविषयीं संस्थेच्या चिटणिसाकडे विचारणा करावी. मूळ कागद घरांतच राहूं द्यावा, अथवा पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थेकडे पावती घेऊन ठेवावा. प्लास्टिकच्या आवरणांत तो कायमचा चिकटवून टाकण्याची जी हौस हल्लीं बोकाळली आहे ती कागदाच्या जिवावर उठते, हेंही तेथेंच एका ओळींत छापावें.

यादीस किती नोंदी असाव्या? एका तालुक्याच्या ग्रामस्थ मंडळास पंचवीसतीस पुरतात. त्या प्रत्येक ठिकाणीं संस्थेचा एक मनुष्य स्वतः जाऊन आलेला असावा, आणि तो कोणत्या महिन्यांत गेला हें नोंदीखालीं असावें. कारण कचेऱ्या हलतात, वेळा बदलतात, दुरुस्तीसाठीं दफ्तरें बंद राहतात. जेथें कोणी गेलेला नाहीं त्या नोंदीपुढें 'पाहिलेलें नाहीं' असें लिहावें. निर्देशिका साधारणतः दहापांच वर्षांनीं पुन्हां निघते. मधल्या काळांत वाचकांनीं कळविलेल्या दुरुस्त्या लिहिण्यासाठीं यादीची एक प्रत मोठा समास सोडून, एकाच बाजूस छापून संस्थेच्या कचेरींत बांधून ठेवावी, आणि ज्यानें दुरुस्ती कळविली त्याचें नांव व तारीख तेथें पेन्सिलीनें लिहावी.